कोलेस्टेरॉलच्या गोळीने हट्टी कॅन्सर बरा होतो अशी बातमी आली तर काय करायचं

दर थोड्या दिवसांनी एक बातमी फिरते, हेडिंग साधारण असं असतं की कोलेस्टेरॉल कमी करणारी साधी गोळी केमोला न जुमानणाऱ्या कॅन्सरलाही मारते, आणि घरात पेशंट असला की ती बातमी चारी बाजूंनी येऊन धडकते. केमोची एक लाइन झाली, दुसरी झाली, स्कॅनमध्ये गाठ वाढलेलीच, डॉक्टर म्हणतात आता ऑप्शन कमी उरलेत, आणि त्याच संध्याकाळी कोणीतरी पाठवतं की अहो ही बघा, तुमच्या बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात जी पडलीय तीच. अशा वेळी माणूस काहीही करून बघायला तयार होतो, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, कॅन्सर पेशंटची औषधं एकमेकांत भांडतायत का ते तपासणं हे माझं रोजचं काम, आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की नीट सविस्तर लिहावं असं वाटलं.

दोन गोष्टी आधीच सांगते, बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा. कॅन्सरसाठी म्हणून स्टॅटिन, म्हणजे बातमीतली ती कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, स्वतःहून चालू करायचं नाही. आणि हार्टसाठी डॉक्टरांनी आधीपासून दिलेलं असेल तर केमो चालू झाली म्हणून स्वतःहून बंदही करायचं नाही. दोन्हीने नुकसान झालेलं बघितलंय.

आता बातमी समजून घ्यायची तर गोळी काय करते ते थोडं माहीत पाहिजे. स्टॅटिन म्हणजे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन वगैरे मंडळी. मूळ शोध जपानच्या अकिरा एंडो यांचा, १९७० च्या दशकात त्यांनी बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं काढलं, आणि १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन हे पहिलं स्टॅटिन अमेरिकेत बाजारात आलं. ही सगळी औषधं शरीरातलं एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एंझाइम अडवतात. हे एंझाइम म्हणजे बिल्डिंगच्या पाण्याच्या मेन लाइनवरचा व्हॉल्व्ह समजा, कोलेस्टेरॉल हा त्या लाइनवरचा फक्त एक मजला, त्याच लाइनवर आणखी बरेच मजले आहेत. या लाइनला मेव्हॅलोनेट पाथवे म्हणतात, आणि कॅन्सरवाल्यांचा सगळा इंटरेस्ट त्या बाकीच्या मजल्यांवर आहे.

तिथे काय काय बनतं? एक म्हणजे फार्नेसिल आणि जेरानिलजेरानिल नावाच्या चरबीच्या शेपट्या. रॅस, ऱ्हो असे जे प्रोटीन पेशीला "वाढ, हल, पसर" असा सिग्नल देतात त्यांना पेशीच्या आवरणाला चिकटून बसायला ही शेपटी लागते, शेपटी नसेल तर ते प्रोटीन नुसतं तरंगत राहतं आणि सिग्नल पुढे जात नाही. दुसरं म्हणजे कोएंझाइम क्यू१०, जे पेशीला ऊर्जा बनवायला आणि आवरणातली चरबी खवट होण्यापासून वाचवायला लागतं. तिसरं, जीपीएक्स४ नावाचं एक एंझाइम नीट तयार व्हायला लागणारा एक छोटा तुकडाही याच लाइनवरून येतो. आणि कोलेस्टेरॉल तर आहेच, पेशीचं आवरण त्याच्याशिवाय होत नाही.

हट्टी कॅन्सरचा संबंध इथे लागतो. कॅन्सर औषधाला दाद देईनासा होतो त्याला एकच कारण नसतं. काही पेशी आवरणावर पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप वाढवतात आणि औषध आत आलं की बाहेर फेकतात, आणि हे पंप ज्या आवरणात बसलेले असतात त्यातल्या कोलेस्टेरॉलवर त्यांचं काम बऱ्यापैकी अवलंबून असतं. काही पेशी आपलं रूपच बदलतात, चिकटून राहायचं सोडून सुट्या, फिरत्या पेशींसारख्या होतात, आणि २०१७ मध्ये नेचर या सायन्सच्या जर्नलमध्ये आलेल्या एका कामात असं दिसलं की अशा रूप बदललेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या पेशी जीपीएक्स४ वर फारच विसंबून असतात, ते काढलं की आवरणातली चरबी खराब होऊन पेशी मरते, या मरणाच्या प्रकाराला फेरॉप्टोसिस म्हणतात. म्हणजे ज्या बदलामुळे ती पेशी केमोतून वाचली तोच बदल तिची कमजोरी झाला. मला स्वतःला या सगळ्या विषयात ही गोष्ट सगळ्यात आशेची वाटते, कारण यात स्टॅटिनला नेमकं कुठे काम आहे ते दिसतं.

प्रोस्टेटमध्ये अजून वेगळी गोष्ट. तिथे हार्मोन बंद करायची ट्रीटमेंट देतात, काही काळाने कॅन्सर त्याला जुमानत नाही, कारण गाठ स्वतःच हार्मोन बनवायला लागते आणि त्याचा कच्चा माल कोलेस्टेरॉल. ब्रेस्टमध्ये कोलेस्टेरॉलपासून बनणारं २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल हे इस्ट्रोजेनसारखं वागून गाठीला खाद्य पुरवू शकतं असं २०१३ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं. म्हणजे "स्टॅटिन कॅन्सरवर चालतं का" हा प्रश्न असा सरसकट विचारण्यात अर्थच नाही, कुठला कॅन्सर, कशामुळे हट्टी झालाय, आणि त्या कारणाचा या लाइनशी संबंध आहे का, असं विचारायला लागतं.

तर बातमी हातात आली की पहिलं काम, हे कशावर केलं ते शोधा. प्लेटमधल्या पेशी, उंदीर, का माणसं. हेडिंगमध्ये हे कधीच नसतं, मजकुरात खाली कुठेतरी एका ओळीत असतं. पेशींवर असेल तर लगेच दुसरा प्रश्न, किती औषध घातलं. पेशींवरच्या बहुतेक प्रयोगांत स्टॅटिन मायक्रोमोलर पातळीत घालतात, आणि आपण रोजची गोळी घेतो तेव्हा रक्तात ते नॅनोमोलर पातळीत असतं, म्हणजे प्रयोगातल्यापेक्षा कित्येक पटींनी कमी. शिवाय गोळी पोटातून गेली की तिचा मोठा भाग लिव्हरच अडवून ठेवतं, कारण ती लिव्हरसाठीच बनवलीय, फुप्फुसातल्या किंवा स्वादुपिंडातल्या गाठीपर्यंत पोचतं ते थोडंसंच.

मग डोस वाढवला तर? हे करून झालंय. १९९० च्या दशकात अमेरिकेत ८८ कॅन्सर पेशंटना लोव्हास्टॅटिन दिलं, महिन्यातून सात दिवस, वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅमपासून वाढवत वाढवत ४५ मिलिग्रॅमपर्यंत. साठ किलोच्या माणसाला ४५ म्हणजे दिवसाला २७०० मिलिग्रॅम, आणि कोलेस्टेरॉलसाठी या औषधाचा नेहमीचा सगळ्यात मोठा डोस ८० मिलिग्रॅम आहे. वरच्या डोसना स्नायूंचा त्रास सुरू झाला, त्यासाठी कोएंझाइम क्यू१० द्यावं लागलं, आणि गाठी काही ठळकपणे कमी झाल्या नाहीत. हे एवढं सविस्तर यासाठी सांगितलं की "थोडं जास्त घेऊन बघू, साधी गोळी तर आहे" हे वाक्य मी फार ऐकते.

दुसरं काम म्हणजे माणसांवरच्या अभ्यासात दोन जाती असतात, त्या वेगळ्या ओळखायच्या. एक जात अशी की हजारो लोकांच्या जुन्या नोंदी काढायच्या, कोण स्टॅटिन घेत होतं, कोण नव्हतं, आणि कोण जास्त जगलं ते बघायचं. डेन्मार्कचा असा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला, कॅन्सर व्हायच्या आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्यांत कॅन्सरने मरण्याचं प्रमाण १५ टक्के कमी दिसलं. आकडा खराच आहे, पण स्टॅटिन घेणारी माणसं कोण असतात बघा, नियमित डॉक्टरकडे जाणारी, तपासण्या करून घेणारी, औषध न चुकवणारी. आणि जो पेशंट फारच खालावलाय त्याचं स्टॅटिन डॉक्टर बंदच करतात, मग तो "न घेणाऱ्यांत" मोजला जाऊ शकतो. अजून एक गंमतीशीर वाटणारी पण गंभीर चूक असते, निदानानंतर स्टॅटिन चालू केलेल्यांना मोजताना, गोळी चालू होईपर्यंत तो माणूस जगलेलाच असतो ना, तो मधला काळ गोळीच्या खात्यात जमा झाला की गोळी उगाच भारी वाटायला लागते. चांगले संशोधक हे सगळं धुऊन काढायचा प्रयत्न करतात, पूर्ण निघत नाही.

दुसरी जात म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून, अर्ध्यांना गोळी अर्ध्यांना नाही, असं केलेली ट्रायल. यात फसवायला जागा कमी. आणि इथे चित्र आतापर्यंत बरंचसं निराश करणारं आहे, ते लपवून काही उपयोग नाही. हार्टसाठी केलेल्या २७ ट्रायलमधल्या साधारण १,७५,००० लोकांची माहिती २०१२ मध्ये एकत्र करून बघितली, स्टॅटिनने कॅन्सर होण्यावर किंवा कॅन्सरने मरण्यावर काही फरक दिसला नाही, ना वाईट ना चांगला. पोटाच्या अ‍ॅडव्हान्स्ड कॅन्सरमध्ये केमोला सिम्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅमची जोड दिली, फायदा नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये जेमसिटाबिन या केमोबरोबर तेच, फायदा नाही. लिव्हरमध्ये २००१ ची एक छोटी जपानी ट्रायल होती, प्रॅव्हास्टॅटिन घेतलेले १८ महिने जगले आणि न घेतलेले ९, सगळे खूश झाले, मग फ्रान्समध्ये सोराफेनिब या लिव्हर कॅन्सरच्या औषधाबरोबर प्रॅव्हास्टॅटिन देऊन ३२३ पेशंटची ट्रायल झाली आणि फरक दिसला नाही.

एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण त्यात या विषयातली सगळी मेख आहे. फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर. हा सुरुवातीला केमोला छान दाद देतो आणि काही महिन्यांत परत येतो, तेव्हा मात्र ऐकत नाही. २०१७ मध्ये ब्रिटनच्या लंगस्टार ट्रायलचा निकाल आला, ८४६ पेशंट, सगळ्यांना नेहमीची केमो, अर्ध्यांना वर प्रॅव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम रोज, अर्ध्यांना खोटी गोळी, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. मधलं आयुष्य, म्हणजे निम्मे पेशंट जिथपर्यंत जगले तो काळ, १०.७ महिने विरुद्ध १०.६ महिने. म्हणजे काहीच नाही. आणि २०२२ मध्ये नेचर कॅन्सरमध्ये नेमक्या याच कॅन्सरवर एक काम आलं की केमोला न जुमानणाऱ्या स्मॉल सेल पेशी त्या जेरानिलजेरानिल शेपटीवर अवलंबून असतात आणि स्टॅटिनने तो हट्ट मोडता येतो. आता ही दुसरी बातमी कोणी तुम्हाला पाठवली आणि पहिली तुम्हाला माहीतच नसेल तर? आणि उलट, पहिली माहीत असलेला म्हणणार की दुसरी फालतू आहे. मला दोन्ही बरोबर वाटत नाही. लंगस्टारमधले पेशंट नवीन होते, त्यांचा कॅन्सर अजून हट्टी झालाच नव्हता. गोळी प्रॅव्हास्टॅटिन होती, जी पाण्यात विरघळणारी, लिव्हर सोडून बाकीच्या पेशींत सहज शिरत नाही. आणि कोणाची गाठ या लाइनवर अवलंबून आहे हे न बघता सगळ्यांना सरसकट दिली होती. तर "स्टॅटिन फेल" हे लंगस्टारवरून सिद्ध होत नाही, पण "स्टॅटिन द्या" हे २०२२ च्या कामावरूनही होत नाही, त्यासाठी योग्य पेशंट निवडून योग्य गोळीची मोठी ट्रायल लागेल.

म्हणून तिसरं काम, बातमीत कुठलं स्टॅटिन आहे ते बघा. सिम्व्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, फ्लुव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन ही चरबीत विरघळणारी. प्रॅव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन पाण्याकडची. एकावरचा निकाल दुसऱ्याला चिकटवायचा नाही.

अजून एक गोष्ट बातम्यांत जवळजवळ कधीच येत नाही, ती म्हणजे पेशी उलटवार करते. स्टॅटिनने लाइन बंद झाली की पेशीला कळतं माल कमी पडतोय, ती एसआरईबीपी२ नावाचा स्विच चालू करते आणि तेच एंझाइम कितीतरी जास्त बनवायला घेते, शिवाय बाहेरून रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ओढायला लागते. कोलेस्टेरॉलसाठी हे आपल्याला हवंच असतं, लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढतं म्हणूनच तर रिपोर्ट सुधारतो, पण गाठीत हेच झालं तर गाठ स्टॅटिनलाच पचवून टाकते. कॅनडात टोरंटोच्या संशोधकांनी डायपिरिडामोल नावाचं रक्ताच्या गुठळ्यांसाठी वापरलं जाणारं जुनं औषध बरोबर दिलं तर हा स्विच दबतो असं ल्युकेमिया आणि मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींत दाखवलं. अशी जोडीची कामं वाचायला मिळाली तर ती नीट वाचा, कारण यात पुढे काही निघालं तर ते एकट्या गोळीतून निघेल असं मला वाटत नाही. पण डायपिरिडामोल रक्त पातळ करण्याच्या बाजूचं आहे, केमोने प्लेटलेट पडलेल्या माणसाला ते घरून देणं म्हणजे सरळ ब्लीडिंगला आमंत्रण.

आता हातातलं काम, आणि यात उशीर करू नका. पेशंटच्या सगळ्या औषधांची यादी बनवा. सगळ्या म्हणजे सगळ्या. केमोची, उलटीची, बीपी-शुगरची, अँटिबायोटिक, फंगसची, झोपेची, आणि ती जी कोणी "नॅचरल आहे, काही होत नाही" म्हणून दिलीय ती सुद्धा. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं ते लिहू नका, त्याच्या खाली बारीक अक्षरात जे औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतं ते लिहा, चष्मा लावून, स्ट्रिप कापलेली असेल तर डबा शोधून. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल पण नाव वाचता आलं पाहिजे. कितीदा असं होतं की दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या चालू असतात, एक हार्टच्या डॉक्टरांनी दिलेली आणि एक शुगरच्या, आणि दोन्हीत आत अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच असतं. रेड यीस्ट राइस नावाचं सप्लिमेंट घेत असाल तर ते ठळक लिहा, त्यात जे मोनॅकोलिन के असतं ते म्हणजे लोव्हास्टॅटिनच, म्हणजे तुम्ही स्टॅटिन घेताय आणि ते कोणाला माहीत नाही.

ही यादी का एवढी महत्त्वाची ते सांगते. सिम्व्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि बऱ्याच अंशी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन लिव्हरमधल्या सीवायपी३ए४ या एंझाइमने मोडतात. कॅन्सरची कितीतरी औषधं त्याच एंझाइमला अडवतात. ब्लड कॅन्सरच्या इमॅटिनिबबरोबर सिम्व्हास्टॅटिन घेतलं तर रक्तातली सिम्व्हास्टॅटिनची पातळी साधारण तिप्पट होते. ब्रेस्ट कॅन्सरचं रायबोसायक्लिब असंच. केमोत इन्फेक्शन झालं की फंगससाठी इट्राकोनॅझोल, पोसाकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल देतात किंवा क्लॅरिथ्रोमायसिन देतात, हे तर सिम्व्हास्टॅटिनबरोबर अजिबातच नको. ग्रेपफ्रूटचा ज्यूस पण यात येतो. उलट एन्झालुटामाइड, अ‍ॅपालुटामाइड ही प्रोस्टेटची औषधं स्टॅटिनची पातळी पाडतात. आणि रोसुव्हास्टॅटिन या एंझाइममधून फारसं जात नाही म्हणून ते बिनधास्त असंही नाही, प्रोस्टेटच्याच डॅरोलुटामाइडबरोबर रोसुव्हास्टॅटिनची पातळी सुमारे पाच पट वाढते, दुसऱ्या रस्त्याने. हे सगळं तुम्ही पाठ करायचं नाही, तुम्ही फक्त यादी द्यायची, पाठ करायचं काम आमचं.

पातळी वाढली की काय होतं तर स्नायू तुटायला लागतात, त्याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात, स्नायूंचा तो चुरा किडनीत जाऊन किडनी बंद पडू शकते. सेरिव्हास्टॅटिन नावाचं एक स्टॅटिन २००१ मध्ये जगभरातून काढून घ्यावं लागलं ते याच कारणाने. निरोगी माणसात हे क्वचित होतं, पण केमोवरचा पेशंट निरोगी नसतो, वजन उतरलेलं, जेवण नाही, उलट्यांनी पाणी कमी झालेलं, किडनी आधीच ताणलेली. आणि अंगदुखी, थकवा तर केमोचाही असतो म्हणून घरचे म्हणतात "केमोचंच असेल" आणि दोन-तीन दिवस जातात.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा "ही बातमी खरी आहे का" असं विचारू नका, त्याला उत्तर एका शब्दात मिळतं आणि तुम्ही रिकाम्या हाताने परत येता. असं विचारा: यांच्या कॅन्सरच्या या प्रकारात स्टॅटिनची माणसांवरची काही ट्रायल झालीय का किंवा चालू आहे का. यांच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये असं काही आहे का ज्यामुळे हा विचार करावा. यांना हार्ट किंवा कोलेस्टेरॉलसाठी तसंही स्टॅटिन लागतंय का. आणि लागत असेल तर आत्ताच्या केमोबरोबर कुठलं बसेल. तिसरा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण कितीतरी कॅन्सर पेशंटना स्टॅटिनची गरज सरळ सरळ असते, आधी अटॅक येऊन गेलेला असतो, शुगर असते, आणि कॅन्सरच्या धावपळीत ती गोष्ट मागे पडते. फुप्फुसाच्या एका प्रकारात देतात ते लोर्लाटिनिब कोलेस्टेरॉल इतकं वाढवतं की बहुतेकांना बरोबर स्टॅटिन द्यावंच लागतं.

हार्टवरून आठवलं, कॅन्सर पेशंटमध्ये स्टॅटिनचा एक उपयोग ट्रायलमध्ये दिसलाय तो गाठीवर नाही, हृदयावर. डॉक्सोरुबिसिनसारखी लाल रंगाची केमो हृदयाचं पंपिंग कमी करू शकते. २०२३ मध्ये स्टॉप-सीए नावाच्या ट्रायलमध्ये लिम्फोमाच्या ३०० पेशंटपैकी अर्ध्यांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम वर्षभर दिलं, पंपिंग लक्षात येण्याइतकं घसरलेले त्यांच्यात ९ टक्के, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत २२ टक्के. ब्रेस्ट कॅन्सरवाल्यांच्या एका ट्रायलमध्ये मात्र असा फायदा दिसला नाही. म्हणजे हाही सगळ्यांना लागू नाही, पण तुम्हाला लाल केमो मिळणार असेल तर विचारण्यासारखा प्रश्न नक्की आहे.

ट्रायल शोधायची असेल तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या साइटवर कॅन्सरचं इंग्रजी नाव आणि स्टॅटिनचं नाव टाकून बघा, जागतिक आरोग्य संघटनेचंही असं सर्च पोर्टल आहे, त्यात बाकी देशांच्या नोंदी सापडतात. "रिक्रूटिंग", म्हणजे पेशंट घेणं चालू, असं लिहिलेल्या तेवढ्या उघडा. मग खाली जाऊन कोणाला घेणार नाहीत ती यादी वाचा, आणि इथे स्वतःहून गोळी चालू करणाऱ्यांचा घात होतो, कारण अशा बऱ्याच ट्रायल आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्याला घेतच नाहीत. म्हणजे घरून चालू केलेली गोळी खऱ्या ट्रायलचं दार बंद करू शकते. डेन्मार्कमध्ये मास्टर नावाची मोठी ट्रायल आहे, सुरुवातीच्या टप्प्यातल्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये ३,३६० बायकांना दोन वर्षं अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम किंवा खोटी गोळी, कॅन्सर परत येणं कमी होतं का ते बघायला. अशा ट्रायलचा निकाल हजार फॉरवर्डपेक्षा मोलाचा, मग तो हो असो की नाही.

स्टॅटिन सोडून बाकी कोलेस्टेरॉलची औषधंही बातम्यांत येतात. पीसीएसके९ नावाचं प्रोटीन अडवणारी इंजेक्शनं, उदाहरणार्थ इव्होलोक्युमॅब, यांनी उंदरांमध्ये इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या ट्रीटमेंटचा, परिणाम वाढतो असं २०२० मध्ये नेचरमध्ये आलं, गाठीच्या पेशी इम्युन सिस्टिमला जास्त दिसायला लागतात म्हणून. उंदीर लक्षात ठेवा. बेम्पेडोइक अ‍ॅसिड मुख्यतः लिव्हरमध्येच अ‍ॅक्टिव्ह होतं, म्हणून स्नायूंना त्रास कमी, पण त्याच कारणाने बाकीच्या गाठींवर त्याच्याकडून अपेक्षा ठेवायला आधार नाही.

डॉक्टरांनी विचार करून स्टॅटिन दिलंच, कशासाठीही, तर चालू करायच्या आधी लिव्हरच्या टेस्ट आणि स्नायूंची सीके टेस्ट करून घ्यायची का हे विचारून घ्या, म्हणजे नंतर आकडा वाढला तर तुलना करायला आधीचा हातात असतो. नवीन कुठलंही औषध, अगदी पाच दिवसांचं अँटिबायोटिक का असेना, सुरू होताना "हे स्टॅटिन घेतात" हे तोंडाने सांगा, फाइलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. तीव्र उलट्या-जुलाब चालू असतील, पाणी पोटात ठरत नसेल तर गोळी त्या दिवशी द्यायची का हे फोन करून विचारा.

आणि पेशंट फार शेवटच्या टप्प्यात असेल, गोळ्या गिळणं जड जात असेल, तर स्टॅटिन बंद करायचं का हाही प्रश्न विचारा, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. २०१५ मध्ये ३८१ अशा गंभीर आजारी पेशंटवर ट्रायल झाली, आयुष्य थोडंच उरलेलं, निम्म्यांचं स्टॅटिन बंद केलं, बंद केलेल्यांत मृत्यू काही लक्षणीय वाढले नाहीत आणि रोजचं जगणं थोडं बरं झालं.

घरी लक्ष ठेवायचं ते यावर: दोन्ही मांड्या, दंड किंवा खांदे एकदम दुखायला लागले, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागायला लागला जो काल लागत नव्हता, लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा अचानक कमी झाली, डोळे पिवळे दिसले. यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशीची गोळी देऊ नका आणि रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा, सकाळची वाट बघू नका, आणि औषधांची ती यादी बरोबर घेऊन निघा.